बसून राहण्याची साथ

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं कोविड-१९ ही जागतिक महासाथ असल्याचं जाहीर केलं. त्यानंतरच्या महिन्यात माणसं किती घाबरली, किती एकटी पडली, हे मोजणं अवघड होतं. माणसं किती चालली हे मात्र मोजलं जात होतं, कारण खिशातला स्मार्टफोन मालकाला न विचारता पावलं मोजत राहतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी पावलं मोजणाऱ्या एका अ‍ॅपच्या नोंदी तपासल्या. १८७ देशांतले साडेचार लाखांहून अधिक वापरकर्ते त्यात होते. घोषणेनंतर दहा दिवसांत रोजच्या पावलांची सरासरी ५.५ टक्क्यांनी घटली आणि तीस दिवसांत २७.३ टक्क्यांनी. म्हणजे माणशी रोज सुमारे १,४३२ पावलं कमी झाली. इटलीत ही घट ४८.७ टक्क्यांपर्यंत गेली. कडक टाळेबंदी न केलेल्या स्वीडनमध्ये ती ६.९ टक्क्यांवरच थांबली. शिवाय फोनमध्ये असं अ‍ॅप ठेवणारी माणसं तब्येतीबद्दल थोडी तरी जागरूक असतात. त्यांचं हे झालं, तर बाकीच्यांचं काय झालं असेल याचा अंदाज करता येतो.

विषाणूची साथ आली तेव्हा जग आधीच दुसऱ्या एका साथीत होतं. २०१२ साली लंडन ऑलिम्पिकच्या तोंडावर ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं शारीरिक हालचालीवर एक लेखमाला छापली. शारीरिक निष्क्रियता ही जागतिक महासाथ आहे, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं होतं. आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला की, २००८ साली जगात झालेल्या ५ कोटी ७० लाख मृत्यूंपैकी सुमारे ५३ लाख मृत्यूंचं कारण अपुरी हालचाल हे होतं. तंबाखूनं होणाऱ्या मृत्यूंच्या जवळपास बरोबरीचा हा आकडा आहे. तंबाखूच्या पाकिटावर कर्करोगाचं चित्र छापणं आपण सक्तीचं केलं. खुर्चीबाबत कुणाला काही करावंसं वाटलं नाही.

आठवड्याला १५० मिनिटं मध्यम श्रमाची किंवा ७५ मिनिटं जोरकस हालचाल न करणारा प्रौढ माणूस ‘अपुरा सक्रिय’ समजला जातो. २०२२ साली जगातले ३१ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे १८० कोटी लोक, या गटात होते. भारताची वाट तर फार वेगानं उतरलेली आहे: २००० साली सुमारे २२ टक्के, २०१० साली ३४ टक्के आणि २०२२ साली जवळजवळ ५० टक्के. बैल-नांगराचा, डोक्यावरच्या हंड्यांचा आणि पायी शाळेत जाणाऱ्या पोरांचा देश म्हणून आपण स्वतःची जी ओळख सांगतो, ती या आकड्यांपुढे टिकत नाही.

बसून राहणं आणि हृदयविकार यांचं नातं पहिल्यांदा पक्कं पकडलं ते लंडनच्या बसमध्ये. जेरेमी मॉरिस या साथरोगतज्ज्ञानं तिथल्या डबलडेकर बसवरच्या कामगारांच्या आजारपणाच्या नोंदी गोळा केल्या. एकाच बसमध्ये, एकाच शहरात, साधारण सारख्याच घरांतून आलेली दोन माणसं दिवसभर काम करतात. ड्रायव्हर बसलेला असतो. कंडक्टर तिकिटं फाडत वरखाली करतो आणि दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढतो. बेस्टच्या जुन्या डबलडेकरमधून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना तो अरुंद जिना आठवेल. १९५३ साली मॉरिस यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार कंडक्टरांपेक्षा जास्त होता आणि पहिल्याच झटक्यात दगावण्याचं प्रमाणही जास्त होतं. टपाल खात्यातही हेच दिसलं. पत्रं वाटत फिरणारे पोस्टमन टेबलावर बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते.

मला मॉरिस यांची पुढची पायरी जास्त मोलाची वाटते. त्यांनी स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घेतली. मुळात जाडजूड माणसंच ड्रायव्हरची नोकरी धरत असतील तर? मग त्यांनी बस कंपनीकडून गणवेशाच्या मापांच्या नोंदी मिळवल्या आणि पँटच्या कमरेची मापं तपासली. खरोखरच ड्रायव्हरांच्या कमरा नोकरीच्या सुरुवातीपासूनच मोठ्या होत्या. १९५६ साली त्यांनी हेही प्रसिद्ध केलं. म्हणजे बसून राहण्याचा दोष पुसला गेला नाही, पण तो एकटाच नाही हे कळलं. या विषयावरचा प्रत्येक आकडा वाचताना ही शंका जागी ठेवायला हवी. आजारी माणूस कमी हलतो आणि कमी हलणारा आजारी पडतो. दोन्ही खरं असतं, आणि त्यातलं आधी काय घडलं हे शोधणं फार कष्टाचं काम आहे. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

हालचाल थांबली की शरीरात काय होतं, हे पाहायला मात्र नोंदींवर विसंबावं लागत नाही, कारण त्याचे थेट प्रयोग झालेले आहेत. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथं वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून राहायला सांगितलं गेलं. व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, हे आधी आणि नंतर मोजलं. ही क्षमता चौथ्या हिश्शाहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा ते पन्नाशीत होते. तीस वर्षांच्या वयानं त्यांची जेवढी क्षमता नेली होती, त्याहून जास्त तेव्हाच्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानं नेली होती.

अंथरुणाचं सोडा, नुसतं घरात राहिलं तरी काय होतं? कोपनहेगनच्या संशोधकांनी दहा निरोगी तरुणांची रोजची सुमारे साडेदहा हजार पावलं दोन आठवड्यांसाठी तेराशे-चौदाशेवर आणली. जिन्याऐवजी लिफ्ट आणि चालण्याऐवजी गाडी, एवढंच. चौदा दिवसांत त्यांचं शरीर इन्सुलिनला पूर्वीसारखं दाद देईनासं झालं, दम सुमारे ७ टक्क्यांनी कमी झाला आणि पायांतले स्नायू घटले. हा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. दहा वर्षांनी कोट्यवधी लोकांनी तोच प्रयोग नकळत आपल्या घरात केला, तोही चौदा दिवसांपेक्षा कितीतरी जास्त काळ. आणि ते सगळे निरोगी तरुण नव्हते.

यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. जेवणानंतर रक्तात उतरलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूंमध्ये जातो. स्नायूच्या पेशीत ‘ग्लूट-४’ नावाची वाहक प्रथिनं असतात. एरवी ती पेशीच्या आत असतात; इन्सुलिनचा निरोप आला की पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. मधुमेहाच्या वाटेवर असलेल्या माणसात हा निरोप नीट पोहोचत नाही. पण स्नायू आकुंचन पावला, म्हणजे माणूस चालला, उठला, जिना चढला, तर हीच प्रथिनं इन्सुलिनच्या निरोपाची वाट न पाहता वर येतात. इन्सुलिनची वाट अडली तरी ही दुसरी वाट बऱ्याच अंशी उघडी असते. रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली ही घरातल्या मोठ्यांची शिस्त होती, तिच्यामागे शरीराचा हा व्यवहार आहे. आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. कोविडनं कुणाला जास्त छळलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं: म्हातारे, स्थूल, मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण. वय सोडलं तर या यादीतली प्रत्येक गोष्ट बसून राहण्यानं वाढते. दोन साथी इथं एकमेकींना भेटल्या.

त्या भेटीचा सर्वात ठळक पुरावा दक्षिण कॅलिफोर्नियातून आला. तिथल्या कैसर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेत ओपीडीत आलेल्या रुग्णाचा रक्तदाब आणि नाडी पाहताना दोन प्रश्नही विचारतात: आठवड्यातले किती दिवस व्यायाम करता, आणि किती मिनिटं? उत्तर केसपेपरवर नोंदवलं जातं. त्यामुळे साथ आली तेव्हा हजारो लोकांच्या आधीच्या दोन वर्षांच्या सवयी तयार नोंदीत होत्या. कोविड झालेल्या ४८,४४० प्रौढांचा अभ्यास एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला दहा मिनिटंही न हलणाऱ्यांमध्ये, नियमित १५० मिनिटं हलणाऱ्यांच्या तुलनेत, रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता सव्वादोन पट आणि मृत्यूची शक्यता सुमारे अडीच पट आढळली. वाढतं वय आणि अवयव प्रत्यारोपण वगळता कुठल्याही जोखमीचं वजन एवढं नव्हतं. मॉरिस यांची शंका इथंही लागू पडते. व्यायामाची माहिती लोकांनी स्वतः सांगितलेली होती, आणि सक्रिय माणसं इतर बाबतींतही सुदृढ असू शकतात. या अभ्यासानं कार्यकारणभाव सिद्ध केला असं मी म्हणणार नाही. पण इतका मोठा फरक दिसल्यावर आरोग्ययंत्रणेनं त्याची दखलच न घेणं, हे मला पटत नाही.

दखल कशी घेतली गेली, ते पाहू. फ्रान्सनं टाळेबंदीतही रोज एक तास, घरापासून एक किलोमीटरच्या आत, व्यायामासाठी बाहेर पडायला परवानगी दिली. सोबत भरलेला फॉर्म ठेवावा लागे. ब्रिटननं दिवसातून एकदा बाहेर व्यायाम करणं हे घराबाहेर पडण्याच्या मोजक्या मान्य कारणांत घातलं. स्पेननं उलट टोक गाठलं. तिथली मुलं सहा आठवडे घराच्या दाराबाहेर पडली नाहीत. २६ एप्रिल २०२० ला त्यांना पहिल्यांदा फिरायला सोडलं, आणि प्रौढांना व्यायामाची मुभा २ मेपासून मिळाली.

महाराष्ट्रात २३ मार्चला संचारबंदी लागली. किराणा, दूध, औषधं अत्यावश्यक ठरली आणि ते योग्यच होतं. चालणं मात्र गुन्ह्यात गेलं. पुण्या-मुंबईत मॉर्निंग वॉकला निघालेल्यांवर पोलिसांनी कारवाई केली. बागा, मैदानं, चौपाट्या सगळं बंद. टाळेबंदी टप्प्याटप्प्यानं उठवणाऱ्या ‘मिशन बिगिन अगेन’च्या आदेशानं ३ जूनपासून पहाटे पाच ते संध्याकाळी सात या वेळेत चालणं, धावणं, सायकल चालवणं मोकळं झालं, तोवर सत्तर दिवस उलटले होते. त्या वर्षी आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीच्या बसमधून पंढरपूरला गेल्या. लाखो माणसांना दोन-अडीच आठवडे रोज मैलोन्‌मैल चालवणारी वारी चाललीच नाही. व्यायामशाळा उघडायला २५ ऑक्टोबर, म्हणजे दसरा उजाडला.

मार्च २०२० मध्ये राज्यकर्त्यांच्या हातात फारशी माहिती नव्हती आणि आपल्या शहरांत दाटी फार आहे, म्हणून त्या पहिल्या आदेशाला मी दोष देत नाही. पण उघड्या हवेत विषाणू फार कमी पसरतो, हे पुढच्या काही महिन्यांत स्पष्ट झालं होतं. तरीही एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत बागा आणि चौपाट्यांना पुन्हा कुलूप लागलं. ती चूक होती, आणि तिची किंमत सर्वांत जास्त कुणी मोजली असेल, तर दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात जण राहणाऱ्यांनी. ज्यांच्याकडे गच्ची होती ते गच्चीवर फिरले. ज्यांच्याकडे सोसायटीचं आवार होतं, त्यांनी इमारतीला प्रदक्षिणा घातल्या. घरातच करायचा व्यायाम म्हणजे सूर्यनमस्कार; औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते आपल्या शाळांमधून घराघरात नेले. त्याला सतरंजीएवढी जागा पुरते, हा त्याचा मोठा गुण. पण धारावीतल्या कित्येक घरांत सतरंजीएवढी रिकामी जागाही दिवसा मिळत नाही.

आणि त्याच दिवसांत दुसरीकडे माणसं चालत होती. मुंबई-पुण्याहून उत्तरेकडे, शेकडो किलोमीटर, डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुलं घेऊन. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून पायी निघालेले, थकून रुळांवर झोपलेले १६ मजूर औरंगाबादजवळ करमाडला मालगाडीखाली गेले. पावलांचा हिशेब मांडताना हे विसरता येत नाही. विश्रांती नसलेले, सक्तीचे, ओझ्याखालचे श्रम शरीराला तेच देत नाहीत, जे मोकळ्या वेळेतलं चालणं देतं. मजुरीतल्या जड कामावर झालेल्या अनेक अभ्यासांत हा फरक दिसलेला आहे. म्हणून ‘आपली गरीब माणसं भरपूर हलतात, ही श्रीमंतांची समस्या आहे’ असं म्हणून हात झटकणं चुकीचं आहे.

बायकांबद्दलही असंच बोललं जातं: दिवसभर घरात राबतात, त्यांना वेगळा व्यायाम कशाला? राबतात हे खरंच आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. तरीही भारतातल्या ५७ टक्के स्त्रिया अपुऱ्या सक्रिय गटात मोडतात. पुरुष ४२ टक्के. या दोन आकड्यांत विरोध नाही. ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटणं, भाजी निवडणं, डबे भरणं यांत पाठ मोडते, पण दम वाढत नाही, हृदयाला काम पडत नाही. जातं, रहाट, धुण्याचा दगड गेले, हे फार चांगलं झालं. पण त्यातून वाचलेला वेळ बाईला स्वतःसाठी मिळाला नाही. तो मिळालाच, तर अंधार पडल्यावर निर्धास्त चालता येईल असा रस्ता तिच्या घराजवळ नाही. मुलींचं क्रीडांगण तर पाळी सुरू झाली की अनेक घरांत आपोआप बंद होतं. निष्क्रियतेला आळस म्हणण्याची आपली सवय इथं सर्वांत जास्त अन्याय करते.

मुलांचं नुकसान मोजायला अजून वेळ लागेल. साथीच्या आधीच, २०१६ साली, जगातली ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के मुलं रोजच्या एक तासाच्या हालचालीपर्यंत पोहोचत नव्हती. महाराष्ट्रातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांची दारं मार्च २०२० ला बंद झाली आणि २०२१ च्या डिसेंबरपर्यंत उघडली नाहीत. शाळा मोबाइलवर भरली. खो-खो, लंगडी, मधल्या सुट्टीतली पळापळ मोबाइलवर भरली नाही. शाळा सुरू झाल्यावर गणित आणि वाचन भरून काढण्याची मोहीम निघाली. खेळाचे तास तर पूर्वीपासूनच अभ्यासक्रम पुरा करायला दिले जात होते. ते भरून काढण्याची भाषा फारशी ऐकू आली नाही.

वृद्धांच्या बाबतीत हिशेब अगदी थेट आहे. सत्तरीनंतर गेलेला स्नायू परत मिळवणं अवघड. पाय कमकुवत झाले की तोल जातो, एकदा पडलं की भीती बसते, आणि भीती बसली की चालणं आणखी कमी होतं. म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये, साथ भरात असतानाच, जागतिक आरोग्य संघटनेनं नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली, तेव्हा ज्येष्ठांसाठी आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम सांगितले. आणखी एक दिलासा त्यात होता: सलग दहा मिनिटं चाललं तरच धरायचं, ही जुनी अट काढून टाकली. एक मजला चढणं, दुकानापर्यंत जाणं, सगळं जमेस धरलं जातं. दहा हजार पावलांचा आकडाही पाळायलाच हवा असा काही नियम नाही. तो १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला. अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढणं थांबलं. एक सावधगिरी मात्र हवी. कोविडनंतर महिनोन्‌महिने थकवा रेंगाळलेल्या काही रुग्णांना श्रमानंतर त्रास उलट वाढतो. त्यांना ‘उठा, चाला’ म्हणून ढकलू नये, डॉक्टरांच्या सल्ल्यानंच जावं.

कोलंबियाची राजधानी बोगोटा श्रीमंत शहर नाही. तिथं १९७४ पासून रविवारी सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत शंभरहून अधिक किलोमीटरचे मुख्य रस्ते मोटारींना बंद करून माणसांना दिले जातात. लोक चालतात, सायकली चालवतात, चौकात नाचतात. मार्च २०२० मध्ये साथ आली, तेव्हा बोगोटानं हाच अनुभव वापरून तात्पुरते सायकल-मार्ग आखले, कारण रस्ता रिकामा करून माणसांना द्यायचा कसा हे त्या शहराला ठाऊक होतं. मुंबईतही २७ मार्च २०२२ पासून पोलिसांनी ‘संडे स्ट्रीट’ म्हणून काही रस्ते रविवारी सकाळी मोकळे करून दिले, आणि पुणे महापालिकेनं ११ डिसेंबर हा पादचारी दिन ठरवून लक्ष्मी रस्ता त्या दिवशी वाहनांना बंद केला. लोकांनी दोन्हीकडे गर्दी केली. जागा मिळाली की लोक हलतात, हे त्यातून दिसलं. रविवारच्या काही तासांचं किंवा वर्षातल्या एका दिवसाचं वर्षभराचं धोरण व्हायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०३० पर्यंत निष्क्रियता १५ टक्क्यांनी कमी करण्याचं लक्ष्य ठेवलं आहे. आताच्या गतीनं गेलो तर तोवर भारतातले ६० टक्के प्रौढ अपुरे सक्रिय असतील. हे टाळायचं तर पुढच्या साथीच्या आदेशात दूध आणि औषधांच्या यादीत रोजचं तासभर चालणंही हवं, आणि ओपीडीत रक्तदाबाबरोबर ते दोन साधे प्रश्नही विचारले जायला हवेत. वाचकांना एक विनंती आहे. पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामांच्या सूचना मागवते. तुमच्या गावात तशी सोय नसेल, तर नगरसेवक आहे, ग्रामसभा आहे. तुमच्या घरापासून जवळच्या शाळेपर्यंत, बाजारापर्यंत सलग फुटपाथ आहे का, त्यावर दिवे आहेत का, मैदानाचं फाटक संध्याकाळी उघडं असतं का, हे एकदा चालत जाऊन पाहा, आणि जे नाही ते लेखी मागा.